खाओसानची कोजागरी

आधी बॅगेचं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. सात किलो. स्वस्तातलं तिकीट काढलं की विमानात तेवढंच हाताशी नेता येतं. खाली टाकायची बॅग हवी तर वेगळे पैसे. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून एकटा बँकॉकला निघालो, तेव्हा घरच्या काट्यावर ती पाच किलो आठशे भरली. म्हणजे खरेदीला उरले बाराशे ग्रॅम. आणि गाव कुठलं, तर बँकॉक! उपासाच्या दिवशी पंगतीत बसवावं, तसं झालं.

उपासावरून आठवलं. २०२४चा ऑक्टोबर होता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी उतरलो, आणि निघताना आईने बजावलं होतं की नवरात्र उठेपर्यंत तरी मांस-मच्छी नको. आता थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं खारं पाणी कशात नसतं? साध्या भाजीतही असतं. म्हणून मी मेतकुटाचा डबा घेतला होता. (दोनशे ग्रॅम. वरच्या हिशेबात धरलेला आहे.)

तो उघडावाच लागला नाही. पहिल्याच संध्याकाळी यावरातला, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीच्या मुख्य रस्त्यावर गेलो, तर गाडीगाडीवर पिवळे झेंडे आणि त्यावर लाल रंगात एकच अक्षरचिन्ह. त्याचा उच्चार ‘जे’. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस तिथले चिनी वंशाचे लोक आणि बरेच थाईही हे ‘जे’ पाळतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही. आणि ऐका, कांदा-लसूणही नाही! आपल्या आजीचा चातुर्मास थेट बँकॉकच्या फुटपाथवर. त्या वर्षी त्यांचे नऊ दिवस सुरू झाले ३ ऑक्टोबरला, आणि आपली घटस्थापनाही ३ ऑक्टोबरलाच. मी गव्हाच्या चिकापासून केलेलं खोटं बदक खाल्लं. खरं कसं लागतं ते माहीत नसल्याने तुलना करू शकत नाही.

शनिवारी दसरा. त्या दिवशी चतुचाक. हा शनिवार-रविवारचा बाजार १९८२पर्यंत राजवाड्याशेजारच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा, तिथून तो इकडे हलवला. दुकानं पंधरा हजारांच्या आसपास, विभाग सत्तावीस. तुळशीबाग घ्या, तिच्यावर पत्रे टाका, आणि मग ती दुपारी एक वाजता उकळायला ठेवा. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, हरवलात तर त्याच्याकडे बघत चालायचं. तिथला अनुभवी माणूस एकच गोष्ट सांगतो: ‘मग येऊन घेतो’ म्हणू नका, ते दुकान तुम्हाला परत सापडणार नाही.

मी काहीच घेणार नव्हतो. हत्तींची चित्रं असलेल्या ढगळ विजारींचे ढीग ओलांडले, सुगंधी मेणबत्त्या ओलांडल्या, आणि एका बोळात खलबत्त्यांची रांग दिसली.

थाई स्वयंपाकघर या वस्तूशिवाय चालतच नाही. सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करायला मातीचा किंवा लाकडी खल आणि लाकडी बत्ता. मसाला वाटायला दगडी. बँकॉकच्या आग्नेयेला चोनबुरी प्रांतात समुद्रकाठी आंग सिला म्हणून गाव आहे, तिथले ग्रॅनाइटचे खल नावाजलेले. दुकानातली बाई माझ्या आईच्या वयाची. तिने बत्ता उचलून खलाच्या काठावर हलकेच आपटला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. टण्ण. मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. मग दुसरा उचलला. तो जरा बद्द वाजला, तसा तिने मान हलवून बाजूला ठेवला.

भाव ठरला कॅल्क्युलेटरवर. ती आकडा दाबते, यंत्र तुमच्या हातात देते. तुम्ही पुसून आपला आकडा दाबता. ३५० बात. मी २०० दाबले. ती हसली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘लोत दाय माय, ख्रप?’ म्हणजे, काही कमी होईल का जी? तिथे आवाज चढवला की सौदा संपला. आपण घासाघीस करताना जो रुसवा दाखवतो, निघून जायचं नाटक करतो, त्याला तिथे कुणी भुलत नाही. २८०ला मिळाला. लोकांनी दसऱ्याला सोनं घेतलं, मी दोन किलो शंभर ग्रॅमचा दगड घेतला.

पुढचे चार दिवस नुसता हिंडलो. सेन सेप कालव्यातल्या बोटीने जायचं. ती धक्क्याला धड थांबतही नाही, उडीच मारावी लागते. पाणी काळं, वासाचं. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर सगळी रांग भिजते आणि तुमच्याकडे बघते. कंडक्टर मुली डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं फाडतात, कारण पूल अगदी बुटके आहेत. अशा बोटीने प्रतुनामला उतरलो. तिथे कपड्यांचा घाऊक बाजार. एक नग घेतला तर एक भाव, तीन घेतले तर दुसरा. मी एकही घेतला नाही. मॉलचं विचारू नका, गारव्यासाठी आत गेलो आणि बाहेर आलो.

आता खाओसान, ज्याच्यासाठी तुम्ही मंडळी इतका वेळ थांबला आहात. खाओसान म्हणजे सडलेले तांदूळ. कुजलेले नव्हे, उखळात सडतात ते. चुलालोंगकोर्न राजाच्या काळात, १८९२ साली झालेला, जेमतेम चारशे मीटरचा रस्ता, एकेकाळचा तांदळाचा बाजार. आता तिथे जगभरचे सॅकवाले उतरतात. समुद्रावर मुलं वाळूत खेळायला नेतात तसल्या प्लास्टिकच्या बादल्यांत दारू, कोला आणि ताकदीचं पेय एकत्र ओततात आणि चार नळ्या खोचून देतात. तळलेले विंचू काडीला टोचलेले. फोटो काढायचा असेल तर दहा बात. समोरासमोरच्या दोन बारचे स्पीकर एकमेकांवर ओरडत असतात. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या मते ती मौजेपेक्षा चुरस जास्त आहे.

मी गेलो ती १६ ऑक्टोबरची रात्र, आपली कोजागरी. रस्त्यावरच्या पट्टीत चंद्र दिसत होता. सेव्हन-इलेव्हनमधून दुधाचा खोका आणला. आटवलेलं नाही, केशर नाही. पायरीवर बसून प्यायलो. को जागर्ति? सगळेच.

मग बारा वाजले, आणि बारवाले बादल्या आवरायला लागले. स्पीकर खाली आले. एका ऑस्ट्रेलियन पोराला कळेना, तर वेट्रेसने वर बोट दाखवलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी ‘ओक फन्सा’. फन्सा म्हणजे आपला ‘वर्षा’ शब्द, भिक्षूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास. तो संपतो त्या पौर्णिमेला तेव्हा कायद्याने दारूविक्री बंद असायची.

झोप आलीच नव्हती, म्हणून पहाटे पुन्हा खाली आलो. रस्त्याच्या टोकाला, पलीकडेच वात चनासोंगख्राम आहे. त्यातला सोंगख्राम म्हणजे संग्राम. तिथले भिक्षू अनवाणी, पात्र घेऊन बाहेर पडले होते. काल विंचवांची गाडी होती त्या जागी एक बाई भाताचं पातेलं घेऊन गुडघ्यांवर बसली होती. झाडूवाला बादल्यांचा ढीग ढकलत आला, भिक्षू जाईपर्यंत थांबला, मग पुढे ढकलू लागला.

निघायच्या दिवशी खलासाठी बूट आणि जीन्स हॉस्टेलवर सोडून आलो. सॅक भरली सहा किलो नऊशे. काउंटरवर कुणी काही बोललं नाही. तपासणीत मात्र ट्रे थांबला. अधिकाऱ्याने खल बाहेर काढला, उलटा करून पाहिला, परत दिला. मग बत्ता हातात घेतला, एकदा हवेत तोलला आणि नम्रपणे मान हलवली. बोथट हत्यार. तो तिथेच राहिला.

घरी आईने खलाला टिचकी मारली, म्हणाली दगड चांगला आहे. सध्या त्यात स्कूटरच्या किल्ल्या असतात.