गाझी, वंगणतेल आणि आपले हेरपट

मंडळी, युद्धपटातली हेरगिरी कितपत खरी हे कसं ओळखायचं, असा विषय पत्रिकेवर छापलाय. त्याकडे वळायचंच आहे. पण आधी एका वंगणतेलाबद्दल बोलू द्या. 'राझी' आणि 'द गाझी अटॅक' इथे बहुतेकांनी पाहिले असतील. गाझी या पाकिस्तानी पाणबुडीच्या गोष्टीतला सगळ्यात थरारक भाग या तेलापाशी आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि पडद्यावर त्याला मानाची जागा मिळालेली नाही.

नोव्हेंबर १९७१. आपली विक्रांत पूर्व किनाऱ्यावर, आणि तिच्या बॉयलरला तडा गेलेला. त्यामुळे वेग कमी. विमानवाहू जहाजाचा वेग घटला की नुसता प्रवास लांबत नाही. विमान उडवायला डेकवर समोरून वारा लागतो, आणि जहाज वाऱ्याच्या तोंडाने पळवून तो वाढवावा लागतो. विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा जे डेकवर गेले असतील, त्यांना तो डेक किती आखूड होता ते आठवेल. अशा जहाजाच्या मागावर पाणबुडी लागली तर पळून सुटका नाही. ती आपल्या पाण्यात आलीय हे आधी कळायला हवं.

कळणार कसं? सिनेमात कुणीतरी दाराआड ऐकतं, कागदावर लिहितं, रात्री बिनतारी यंत्रावरून पाठवतं. विशाखापट्टणमला पूर्व नौदल विभागाचे प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन. त्यांनी जे नोंदवून ठेवलंय ते फार वेगळं आहे. पाकिस्तानी नौदलाचा एक संदेश आपल्याकडे पकडला गेला. त्यात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांकडे एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी होती. एवढंच. हल्ल्याचा बेत नाही, जहाजाचं नाव नाही. भांडारातल्या कारकुनाने करावी अशी चौकशी!

पण ते तेल फक्त पाणबुड्यांना आणि सुरुंग काढणाऱ्या जहाजांना लागतं. आता हिशेब मांडा. पाकिस्तानकडे तेव्हा पाणबुड्या चार. हंगोर, शुशुक आणि मांग्रो या तीन फ्रेंच बनावटीच्या, त्यांचा पल्ला कमी. चौथी गाझी, मूळची अमेरिकेची 'डायब्लो', पल्ला सुमारे ११,००० सागरी मैल. कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात येऊन लढायचं, तर ते तिलाच जमणार. म्हणजे तेल चितगावला हवंय ते गाझीसाठी, आणि गाझी एवढ्या लांब येणार ती विक्रांतसाठी. एका भांडारी चौकशीतून शत्रूचा मोहरा आणि त्याचं लक्ष्य, दोन्ही हाती आलं. गुप्तवार्ता म्हणतात ती ही. मला तरी पाठलागाच्या कुठल्याही दृश्यापेक्षा यात जास्त धडधड वाटते. तुम्हाला नाही वाटत? मागच्या रांगेतून माना हलताहेत, छान.

पुढची चाल तर आणखी सुंदर. विक्रांत गुपचूप अंदमानकडे हलवली. 'राजपूत' ही निवृत्तीला टेकलेली जुनी विनाशिका विक्रांत म्हणून वावरू लागली. मोठ्या जहाजाला शोभेल इतकी बिनतारी वर्दळ तिच्याकडून सुरू झाली, कारण ऐकणारा शत्रू संदेश उलगडला नाही तरी त्यांची संख्या मोजतो. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मांस आणि ताज्या भाज्यांची भलीमोठी मागणी गेली. बंदरातले हेर ते बघणार, हे धरूनच. वर एक साधी, उघडी तारही गेली: विक्रांतवरचा कुणी खलाशी आईच्या तब्येतीची चौकशी करतोय! ही तार लिहिणाऱ्या डोक्याला माझा दंडवत.

गाझी आली ती विशाखापट्टणमपुढे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती बुडाली, आतल्या सगळ्यांसकट. राजपूतने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बांनी (डेप्थ चार्ज) बुडाली असं आपण म्हणतो. स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने, असं पाकिस्तान म्हणतं. आणि सिनेमात? पाण्याखाली दोन पाणबुड्यांची झुंज. माझी तक्रार इथेच आहे. ती कशीही बुडालेली असो, विक्रांत जिथे नव्हती तिथे ती आली, आणि गुप्तवार्तेचं काम तिथेच फत्ते झालं. ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. ही विमानं उडू शकली, हा त्या तेलाच्या संदेशाचा खरा निकाल. झुंज दाखवली की तो झाकला जातो.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिलीय, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो.

हेरपट बघताना आधी बघा, बातमी कशाकशाशी ताडली. एकच कागद मिळाला आणि सैन्य हललं, तर पटकथा कच्ची. पकडलेला संदेश, दिशाशोधक केंद्रांनी काढलेली जागा, हवाई छायाचित्र, यातलं किमान दुसरं काहीतरी जुळायला हवं.

मग घड्याळ लावा. मोर्सच्या सांकेतिक लिपीत मिनिटाला पाच-पाच अक्षरांचे वीस गट म्हणजे सराईत हात. शंभर गटांच्या संदेशाला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेऊन, रेषा जिथे छेदतात तिथे शोधपथक धाडता येतं. म्हणून संदेश आखूड हवा, वेळ आणि लहरी बदलत्या हव्यात. नायिका त्याच खोलीतून, त्याच वेळी, रोज निवांत बोलत असेल, तर ती दुसऱ्या आठवड्यात पकडली जायला हवी.

आणि शेवटचं, जे जवळपास कुणीच दाखवत नाही: बातमी वापरल्यावर तिचा उगम झाकला कसा? दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रात इटलीचे रसदीचे ताफे कधी निघणार, हे ब्रिटिशांना उलगडलेल्या संदेशांतून कळायचं. तरी हल्ल्याआधी टेहळणी विमान जायचं, आणि ताफ्याला ते स्पष्ट दिसेल असं उडायचं. शत्रूने म्हणावं, आपण विमानामुळे सापडलो. असं दृश्य लिहायला अर्धं पान पुरतं.

आता प्रश्न घेऊ या.