चॅट्सवर्थ: डोंगराचं पाणी, कोळशाची ऊब

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ हे कॅव्हेंडिश घराण्याचं घर. जागा 1549 साली 600 पौंडांना घेतलेली. आज दिसतो तो वाडा मुख्यतः या घराण्यातल्या पहिल्या ड्यूकने (ड्यूक म्हणजे वरच्या दर्जाचा उमराव) 1687 ते 1707 या काळात, जुन्या वाड्याची एकेक बाजू पाडत आणि नवी चढवत उभा केला. दालनं आणि चित्रं पाहायला लोक जातातच. मंडळी, माझ्या मते या घराचा खरा इतिहास त्याच्या मागच्या डोंगरात आहे.

डोंगरमाथ्यावर ओलसर माळ आहे. तिथलं पाणी अडवायचं आणि उताराने खाली सोडायचं, एवढ्यावर ही बाग उभी आहे. 1696 साली ग्रिये या फ्रेंच कारागिराने दगडी पायऱ्यांचा धबधबा बांधला. पायऱ्यांचे 24 टप्पे, आणि टप्प्यांची घडण मुद्दाम वेगवेगळी. त्यामुळे काठाने उतरताना पाण्याचा आवाज बदलत जातो.

1826 मध्ये जोसेफ पॅक्स्टन मुख्य माळी झाला, वय 22. रशियाचा झार येणार म्हणून 1844 साली त्याने कारंज्यासाठी घरापासून 350 फूट उंचीवर 8 एकरांचा तलाव खणला, माळावरचं पाणी त्यात आणायला अडीच मैलांचा पाट काढला. सहा महिन्यांत, रात्री मशाली पेटवून, काम पुरं केलं. पंप एकही नाही. 350 फुटांचं पाणी तळाशी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण 10 पट दाब देतं. नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा यात काही उंची जाते, तरी कारंज्याची धार 296 फुटांवर गेल्याची नोंद आहे. अशा नळाची झडप सावकाशच फिरवावी लागते. झटकन बंद केली, तर धावतं पाणी जागीच अडतं आणि त्या धक्क्याने नळ फुटू शकतो. झार मात्र आलाच नाही.

त्याच पॅक्स्टनचं काचघर 277 फूट लांब, 123 फूट रुंद, 67 फूट उंच होतं. छताच्या काचा घडीच्या कागदासारख्या उंचसखल बसवलेल्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हंही आत यावीत. जमिनीखाली 8 बॉयलर, गरम पाण्याचे 7 मैल नळ, कोळसा आणायला भुयार. चॅट्सवर्थची केळी मात्र त्याआधीच्या उबदार काचघरातली. 1835 साली तिथे फुललेल्या बुटक्या केळीला पॅक्स्टनने ड्यूकच्या घराण्याचं नाव दिलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन या जाती याच कॅव्हेंडिश गटातल्या.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. ऊब थांबली, झाडं मेली, आणि 1920 मध्ये सुरुंग लावून काचघर पाडलं. तलावाला मात्र इंधन लागतच नव्हतं. 1893 पासून 1936 पर्यंत डोंगराच्या पाण्यावरच घराची वीज तयार होत होती. 1988 मध्ये नवी टर्बाइन बसवली आणि ते पाणी पुन्हा विजेच्या कामाला लागलं.