वर ओढलेली होडी

नमस्कार मंडळी. मी मालवणकडचा चित्रकलेचा मास्तर, डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं बसवण्यात वर्षं गेली, शेडिंग बघायचं, प्रमाण बघायचं, मार्क द्यायचे. मग एका ट्रेनिंगला कळलं की चित्रावरून मुलाच्या मनाचा अंदाज घ्यायच्या टेस्ट असतात. घर-झाड-माणूस काढायला लावायची टेस्ट १९४८ पासूनची, आणि १९८८ची एक रॉली सिल्व्हर बाईंची, त्यात १४ चित्रांतली दोन निवडायची, त्यांच्यात काय घडतंय ते आपण काढायचं आणि खाली गोष्ट लिहायची. गुण त्या चित्र-गोष्टीतल्या भावनेला, ती किती उदास की आनंदी ते बघून. आमच्याकडे गुण रेषेला!

झालं, मला लागलं खूळ. नववीतल्या एकाने काळं आभाळ, किनाऱ्यावर एकटी होडी, वर झाकलेलं कापड, असं काढलं नि माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, "सर, पावसात होडी वर काढूकच लागता, ताडपत्री नको घालूक?" बरोबर आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्या सगळ्या होड्या अशाच असतात.

आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्या पोराने छान कौलारू घर काढलं होतं, माड, तुळस, सगळं, मी दहात आठ दिलेले, खालची ओळ मात्र वाचलीच नव्हती. लिहिलं होतं, मी नसलो तरी हे घर असंच दिसेल.

या टेस्टवर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत, नुसत्या चित्रावरून जीवाला धोका आहे की नाही ते ठरवता येत नाही, चित्र फार तर बोलायला निमित्त. म्हणून मी त्याला सरळच विचारलं, "जगणं नको असं वाटतं काय रे?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं ही आपली भीती, पण तसं होत नाही. तो खूप वेळ चप्पलने वाळू उकरत होता, मग हो म्हणून मान हलवली. त्याला एकटं सोडलं नाही, त्याच संध्याकाळी आईला बोलावलं आणि तिघं डॉक्टरकडे गेलो.

घरी असं कोणी असेल, किंवा तुम्हालाच तसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.