पुन्हा महाभारत : एका प्रेक्षकाची द्विधा

रसिकहो,

लोकांच्या मनात घर करून बसलेली जुनी मालिका नव्याने काढावी की काढू नये, या प्रश्नाची माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत आणि गेली काही वर्षे ती माझ्या मनात एकमेकांशी भांडत आहेत. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले आणि ९४ भागांनंतर २४ जून १९९० रोजी संपले, तेव्हा मी इथेच सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात राहणारा शाळकरी मुलगा होतो. मालिका संपली त्या रविवारी जी पोकळी वाटली, ती मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे २०१३ मध्ये नवे ‘महाभारत’ येणार असे कळले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग होता, उत्सुकता नंतर आली.

या रागाची तपासणी सांगलीत उभे राहून करताना मला थोडा संकोच वाटतो, कारण आपल्या गावाचा सांस्कृतिक इतिहासच मुळी एका पुनर्निर्मितीपासून सुरू होतो. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगलीत आपले खेळ केले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे, पण अधिक नीटनेटके खेळ मराठीत रचायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्या काळीही एखाद्या रसिकाने ‘मूळच्या खेळाची गोडी यात नाही’ असे म्हटले असेल, असे मला नेहमी वाटते. पुढे याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी विराटपर्वातला कीचक घेऊन १९०७ मध्ये ‘कीचकवध’ लिहिले. प्रेक्षकांना त्या कीचकात इंग्रज व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कथा सर्वांना पाठ होती, पण ती आत्ताच पुन्हा का सांगायची, याचे उत्तर खाडिलकरांजवळ होते. नवी मालिका पाहायला बसताना मी हाच प्रश्न बरोबर घेऊन बसतो.

चोप्रांच्या मालिकेजवळ असे उत्तर होते, आणि त्याचे मोठे श्रेय मी पटकथा व संवाद लिहिणाऱ्या राही मासूम रझा यांना देतो. कथा सांगण्यासाठी त्यांनी ‘समय’ हाच निवेदक केला आणि हरीश भिमाणींच्या आवाजातला तो काळ दर रविवारी घराघरांत बोलू लागला. ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने आज आपल्याला पुराणकाळापासून चालत आलेली वाटतात, परंतु ती रूढ झाली रझांच्या लेखणीमुळे. एका माणसाने घडवलेली भाषा लोकांना प्राचीन वाटू लागावी, याहून मोठे यश लेखकाला कोणते मिळणार?

मात्र हे यशच पुढे अडचणीचे ठरते. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हा द्रौपदीच्या तोंडचा टोमणा त्या मालिकेतून आमच्या पिढीच्या मनात असा रुतला, की युद्धाचे मूळ तेच असे आम्ही समजू लागलो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत हे वाक्य नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम आणि इतर पांडव हसतात. ही गोष्ट मला फार उशिरा समजली आणि माझी निष्ठा व्यासांवर आहे की रविवारच्या त्या एका तासावर, असा प्रश्न मला पडला.

माझी आजी या बाबतीत माझ्यापेक्षा सरळ होती. आमच्या घरी चातुर्मासात श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे, म्हणजे महाभारतावरच्या मराठी पोथीचे, वाचन होत असे. ती मालिका मन लावून पाही आणि भाग संपल्यावर म्हणे, “छान केलंय, पण आमच्या पोथीतला भीम असा नव्हे रे.” ज्याला मी मूळ समजत होतो, ते तिच्या दृष्टीने नवेच होते, आणि तरीही पुढच्या रविवारी ती वेळेवर येऊन बसत असे.

तेव्हा २०१३ च्या मालिकेबद्दल मी न्यायाने बोलले पाहिजे. पूजा शर्मा यांची द्रौपदी सभेला ज्या धारेने प्रश्न विचारते, ती धार मला आवडली. सौरभ राज जैन यांचा कृष्ण थेट प्रेक्षकांशी बोलतो, ही कल्पनाही चांगली होती. जुन्या मालिकेतील आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण आज डोळ्यांना खटकतात, हेही मी मान्य करतो. माझी तक्रार वेगाची आहे, किंवा खरे सांगायचे तर वेगाच्या आभासाची आहे. कोणी काही बोलले, की पडद्यावर चेहऱ्यामागून चेहरे येत राहतात आणि मला काय वाटायला हवे ते पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकते. २६७ भाग मिळूनही पात्रांना विचार करायला उसंत मिळत नाही. मुकेश खन्नांचे भीष्म उत्तर देण्यापूर्वी थांबत, आणि त्या थांबण्यात मला हस्तिनापूर दिसत असे. नव्या निर्मात्याने नवा कृष्ण आणावा, नवा कर्ण आणावा, माझे काही म्हणणे नाही; पण त्याने व्यासांकडे जावे, १९८८ च्या चित्रफितींकडे जाऊ नये, एवढे मला मनापासून वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुने ‘महाभारत’ पुन्हा दाखवले, तेव्हा मी माझ्या मुलीला आग्रहाने शेजारी बसवले. ती नव्या मालिकेवर वाढलेली. नितीश भारद्वाजांचा कृष्ण तिला परका वाटला, आणि ते पाहून मला वाईट वाटले. परंतु द्यूताच्या प्रसंगी ती एकदम सावरून बसली आणि म्हणाली, “बाबा, भीष्म तिला उत्तर का देत नाहीत?” मला सांगता येईना. त्या रात्री आम्ही दूरचित्रवाणी बंद करून सभापर्वाचे भाषांतर काढले. तिथे भीष्म बोलतात. धर्माची गती सूक्ष्म असल्यामुळे तुझ्या प्रश्नाचा निर्णय मला करता येत नाही, असे ते द्रौपदीला सांगतात. ते ऐकून मुलगी अधिकच चिडली, आणि आम्ही पुढचे पान उलटले.