शहराकडे तोंड करून

(पडद्यावर : मरीन ड्राइव्हचा कठडा. त्यावर ओळीनं बसलेली पाठमोरी माणसं.)

मुंबईत सूर्यास्त बघायचा म्हणजे शहराकडे पाठ करायची. मरीन ड्राइव्ह घ्या, गिरगाव चौपाटी घ्या, दादर, बँडस्टँड, जुहू. समोर पाणी, मागे हॉर्न. माझ्या आईनं फोर्टातल्या एका कचेरीत पस्तीस वर्षं काढली. चर्चगेटला गाडी पकडायच्या आधी कधी वेळ सापडलाच, तर दहा मिनिटं ती असा सूर्यास्त बघून घ्यायची. पर्स मांडीवर घट्ट धरून.

तिला म्हटलं, यंदा शिडाच्या बोटीतून बघू. आख्खी बोट आपल्यापुरती घेऊ, गेटवेहून निघू. तिचा पहिला प्रश्न : "गेटवेला सूर्य कसा मावळेल? तिकडं तर तो उगवतो."

(नकाशा. मुंबई बेट आणि पूर्वेचं बंदर.)

बरोबरच आहे तिचं. गेटवे शहराच्या पूर्व अंगाला. समोर घारापुरी, न्हावा-शेवा, उरण. आणि तरी शिडाच्या बोटी उभ्या असतात त्या इथंच. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, काठाला खडक, आडोशाचं नाव नाही. पूर्वेला मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधे लाटांपासून राखलेलं खोल पाणी. इंग्रजांना हे बेट हवं होतं ते या पाण्यासाठी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, तोही याच काठावर. तेव्हा सूर्यास्त बघायचा तर एकच उपाय : बोट पूर्वेला बाहेर न्यायची आणि तोंड शहराकडे वळवायचं.

आता दिवस ठरवणं. मी सुट्टी बघत होतो. बोटीच्या तांडेलानं, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखानं, फोनवर विचारलं, "तिथी कोणती?"

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. हिशेब ढोबळ, थोडं मागंपुढं होतं, पण त्याला रेंज लागत नाही. हे गणित सूर्यास्ताशी ताडून बघा. चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी ऐन जोरात. बंदरातलं पाणी दक्षिणेला, बाहेरच्या समुद्राकडे ओढत असतं. सूर्यास्त बघता बघता बोट आपसूक कुलाब्याच्या टोकाकडे सरकणार. अष्टमीला सहाला पूर्ण भरती, त्यात भांगाचं पाणी, चढउतार कमी, सगळं निवांत. आणि पौर्णिमेला सहाला पूर्ण ओहोटी. तेव्हाही पाणी थोडा वेळ थबकतं. शिवाय पौर्णिमेला आणखी एक गोष्ट घडते. ती पुढे येईलच.

आम्ही मार्गशीर्ष पौर्णिमा धरली. आई फोनवरच थांबली. "अरे, दत्तजयंती आहे. जन्माची वेळ संध्याकाळचीच."

तहात असं ठरलं की सुंठवड्याचा डबा बोटीवर येईल आणि जन्माच्या वेळी तिला कुणी बोलतं करायचं नाही.

(गेटवे. दुपारचे साडेचार. फोटोवाले, कबुतरं, घारापुरीच्या बोटींची रांग.)

अपोलो बंदर हे साहेबाच्या जिभेवरचं नाव. मूळचं पालव बंदर, असं जुने लोक सांगतात. ही कमान आपल्याला मुंबईइतकीच जुनी वाटते, पण पायाचा दगड बसला १९१३ साली आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. शेजारचं ताज १९०३ चं, म्हणजे वीस-एकवीस वर्षांनी थोरलं. ज्या साम्राज्याच्या डामडौलासाठी कमान उभारली, त्याच्या शेवटच्या गोऱ्या पलटणीला २८ फेब्रुवारी १९४८ रोजी हिच्यातूनच निरोप मिळाला. जेमतेम तेवीस वर्षं. सरकारी बांधकामाचा इतका कमी उपयोग मुंबईनं नंतरही फारसा बघितला नसेल.

पायऱ्या उतरताना आई मोजत होती. सवय आहे तिची, जिन्याच्या पायऱ्या मोजायची. पाण्यापर्यंत सात झाल्या. खालच्या दोन हिरव्या, शेवाळलेल्या. एका छोट्या होडीतून आम्हाला बोयापाशी, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या तरंगत्या खुणेपाशी, नेलं. तिथं आमची बोट डुलत होती : चोवीस फुटांची, पांढरी, एक डोलकाठी, दोन शिडं. आम्ही चौघं, तांडेल आणि त्याचा जोडीदार.

पहिल्यांदा लाइफ जॅकेट. आईनं साडीवर घातलं, पदर वर घ्यायचा की आत, यावर विचार केला आणि आत घेतला. "पोहता येत असलं तरी घालायचं का?" असं भाच्यानं विचारलं. तांडेल फक्त "घालायचं" म्हणाला. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाची चाचणी चालू असलेली स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. त्या दुपारी समुद्र शांत होता.

(शिड वर चढतं. कापडाचा फडफडाट. मग एकाएकी शांतता.)

इंजिन बंद केलं आणि शिडात वारा भरला, त्या क्षणाबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं. तेव्हा थोडा वेळ फक्त ऐका.

(वीस सेकंद निवेदन नाही. पाण्याचा आवाज.)

हा वारा येतो कुठून? शाळेच्या भूगोलात होतं : दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. ऊन चढलं, जमीन तापली, की दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. संध्याकाळी जमीन निवू लागते आणि तोही मंदावतो. म्हणजे सूर्यास्ताची सहल मावळत्या वाऱ्यावरच करायची असते. बाहेर जाताना वारा आहे, परतताना असेलच असं नाही.

गंमत अशी की हा समुद्राचा वारा आम्हाला समुद्राकडून येतच नव्हता. तो अरबी समुद्रावरून आला, मरीन ड्राइव्हवर पाठमोऱ्या बसलेल्यांच्या तोंडावर आदळला, फोर्टाच्या इमारतींवरून आणि कुलाब्याच्या चिंचोळ्या पट्टीवरून घसरला आणि मग आमच्या शिडात शिरला. म्हणून काठाजवळ तो झोत-झोत येतो. एका इमारतीमागे पडतो, पुढच्या गल्लीतून उसळतो. पाणी मात्र सपाट, कारण लाट उठवायला त्याला लांबीच मिळालेली नसते. पहिल्या झोताला बोट कलली तशी आईनं माझं मनगट धरलं. तांडेल म्हणाला, "काकू, कलली की समजायचं चालली. सरळ उभी राहिली, तर मग काळजी करा."

तो कुलाब्याच्या कोळीवाड्यातला. आजोबा शिडाच्या होडीतून डोली, म्हणजे पिशवीसारखी मासेमारीची जाळी, लावायला जायचे, वडिलांनी इंजिन बसवलं, आणि हा पुन्हा शिडाकडे आला, पण मासे सोडून माणसं घेऊन. दिशा बदलताना, म्हणजे ज्याला हे लोक 'टॅक' म्हणतात, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून सर्रकन पलीकडं जातो. "डोकं!" अशी आरोळी आली की वाकायचं. त्यानं सांगितलं, आजोबांच्या होडीत हे इतकं सोपं नव्हतं. तिरकं शिड लांबलचक परबाणाला, म्हणजे शिड टांगायच्या काठीला, बांधलेलं, ते आख्खं परबाण डोलकाठीला वळसा घालून पलीकडं न्यायचं. तीन-चार गडी लागायचे. चुकलं की शिड काठीलाच चिकटायचं. आता दोन दोर. एक सोडायचा, एक ओढायचा. भाच्यानं तिसऱ्या खेपेला तो नीट ओढला, आणि मग जो शेफारला तो उतरेपर्यंत.

(कॅमेरा खाली. पडद्यावर फक्त पाणी.)

इथं काही वेळ तुम्हाला नुसतं पाणी दिसेल. डाव्या हाताला नौदलाची गोदी आहे आणि तिकडं कॅमेरा वळवायचा नसतो. दिसत नसली तरी गोष्ट सांगता येते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा सुतार सुरतेहून इथं आला. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजं बांधणारा माणूस हवा होता. त्याच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या इथं सागवानी जहाजं बांधली. युरोपातल्या ओकपेक्षा मलबारचं सागवान खाऱ्या पाण्यात जास्त टिकायचं, म्हणून ब्रिटिश नौदलही इथून जहाजं घेऊ लागलं. इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह १८४२ साली ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते या गोदीतलं. १८१७ साली इथं पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. मुंबईत दोनशे वर्षं टिकलेल्या किती गोष्टी आहेत, आणि त्यांतली एक तरंगते, तीही परगावी.

(कॅमेरा वर. दक्षिणेला ससून डॉकच्या बाजूचे ट्रॉलर.)

उजव्या बाजूला ससून डॉक. १८७५ चं. त्याच्या अलीकडं पलीकडं झेंडे लावलेल्या बोटींची दाटी. वास इथवर येतो. आई कुणाला न विचारता म्हणाली, "बोंबील वाळत घातलेत कुठंतरी." त्याच रांगेत, झाडांच्या वर, अफगाण चर्चचा टोकदार मनोरा. कधीकाळी आत येणाऱ्या जहाजांची ती खूण होती. आता टॉवरांच्या गर्दीत तो शोधावा लागतो. तांडेलाला शोधावा लागला नाही.

कुरव पक्षी आले. हिवाळ्याचे पाहुणे. घारापुरीच्या बोटींवरून लोक त्यांना चिप्स उडवतात, म्हणून आमच्याही भोवती त्यांनी दोन घिरट्या घेतल्या. सुंठवडा त्यांना द्यायला आईनं साफ नकार दिला.

(पावणेसहा. बोट वळते. शहर समोर.)

आणि मग तांडेलानं बोट वळवली.

मी या शहरात जन्मलो. ही रेघ मी कधी बघितली नव्हती. एरवी मुंबई आपल्याला तुकड्यांत भेटते : एक स्टेशन, एक पूल, एक गल्ली. इथं ती एका लांब ओळीत उभी होती, उजेडाकडे पाठ करून. गोदीच्या क्रेन, शेअर बाजाराचा टॉवर, कमान, ताजचा घुमट, मग कुलाब्याच्या बुटक्या इमारती आणि मनोरा. सगळ्यांचे रंग गेलेले. काळ्या कागदातून कापल्यासारख्या कडा. कमानीचं तोंडही समुद्राकडेच आहे. जमिनीवरून फोटो काढताना आपण यजमानाच्या बाजूला उभे असतो. पाहुण्यांना ती कशी दिसायची, ते इथून कळतं.

डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे बराच सरकलेला असतो, म्हणून तो कुलाब्याच्या अंगावर उतरतो. नेमका कशामागे, ते बोट कुठं आहे यावर. शे-दोनशे मीटर सरकलं की तो मनोऱ्यामागून घुमटामागे जातो. तांडेल सुकाणू धरून हसत होता. "बोला काकू, कुठं बुडवायचा?"

आई म्हणाली, "माझ्या ऑफिसच्या मागं जमेल?"

जमलं नाही. ऑफिस बरंच उत्तरेला. सूर्य ताजच्या घुमटाच्या डावीकडे, कुठल्याशा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. समुद्रावरच्या सूर्यास्तात शेवटी एक लाल ठिपका राहतो, तसं इथं होत नाही. टाकीच्या कडेला क्षणभर आग लागल्यासारखं झालं आणि विझलं. क्षितिजावर पाणी नव्हतंच, घरं होती, आणि त्यांतल्या खिडक्या एकेक करून पेटायला लागल्या. आई पुटपुटत होती, "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा." कुणी तिला बोलतं केलं नाही.

(कॅमेरा सावकाश वळतो. पूर्व.)

मघाशी पौर्णिमेची एक गोष्ट राहिली होती. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, त्याच्या बरोबर समोर. मार्गशीर्षात तो ईशान्येकडे झुकलेला असतो, आणि गेटवेसमोरून ईशान्येच्या थोडं पूर्वेला काय आहे? घारापुरी. बेटाच्या काळ्या डोंगराआडून तो वर आला. धुरक्यामुळे तांबूस, किंचित मळकट. पायथ्याशी घारापुरीचे दिवे लागले होते. हे दिवे नवे. लेणी जगप्रसिद्ध, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत, पण तिथल्या गावांत कायमची वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. त्याआधी रोज संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार.

एका बाजूला उजेड विझतो आहे, दुसऱ्या बाजूला वर येतो आहे, आणि मधे चोवीस फुटांची बोट जागच्या जागी उभी. कारण वारा पडला होता. पाणीही थबकलं होतं. शिड कपाटातल्या साडीसारखं लोंबत होतं. भाचा दोर ओढून बघत होता, उगाच.

तांडेलानं पाच मिनिटं वाट बघितली. मग डबा उघडल्याचं बघून हात पुढे केला, सुंठवडा तोंडात टाकला, बोटं पँटला पुसली आणि इंजिनाची दोरी खेचली.

(गेटवे. अंधार पडत आलेला. पायऱ्या.)

पायऱ्यांशी पोचलो तेव्हा कमानीवर दिवे होते. आईनं जॅकेट काढून दिलं, पदर बाहेर काढला, जोडीदाराचा हात धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खालचा भाग सगळा हिरवा, निसरडा. ती मोजत मोजत वर गेली आणि तिथून ओरडली, "अरे, अकरा भरल्या! जाताना सातच होत्या."

खालून, अंधारातून, तांडेलाचा आवाज आला. "पौर्णिमा ना, काकू. दुपारी आला असतात तर चारच लागल्या असत्या."