अँबर लागलाय, पण कुठे?

(दृश्य: नवी मुंबई, महापे. रात्रपाळी. डेटा सेंटरच्या हॉलमध्ये सर्व्हर बसवलेल्या रॅकच्या रांगा.)

पंख्यांचा आवाज एवढा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. इथे बिघाड ऐकू येत नाही, तो बघावा लागतो. हिरव्या दिव्यांच्या गर्दीत एखादाच पिवळसर-नारिंगी. अँबर, म्हणजे बिघाडाची खूण.

रंगांचे अर्थ मात्र कंपनीगणिक वेगळे. डेलच्या अलीकडच्या पॉवरएज सर्व्हरवर समोरचा निळा दिवा स्थिर असेल, तर सगळं ठीक. एचपीईच्या प्रोलायंट सर्व्हरवर तब्येतीचा दिवा हिरवा असतो. निळा वेगळा, आणि तो स्थिर असेल तर सर्व्हर सापडावा म्हणून कुणीतरी लावलेला. तोच निळा उघडझाप करत असेल, तर दुरून काम सुरू आहे किंवा फर्मवेअर (सर्व्हरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढतंय. तेव्हा केबलला हातसुद्धा लावायचा नाही.

पॉवर सप्लायचं त्या मानाने सोपं. बहुतेक सर्व्हरला दोन असतात. एकाचा दिवा गेला तरी दुसऱ्यावर गाडी चालते. आधी केबल नीट बसलीय का बघा, मग दुसरी लावून बघा, मग पीडीयूचं, म्हणजे रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीचं, सॉकेट. नवा सप्लाय लावल्यावर पॉवरएजवर हिरवा दिवा भराभर पाच वेळा लुकलुकून विझला, तर तो माल खराब नाही. जोडीदाराशी जुळत नाही, एवढंच.

(दृश्य: उघडलेलं झाकण. मेमरीच्या पट्ट्या.)

मेमरीची पंचाईत निराळी. झाकण उघडायचं तर वीज काढावी लागते, आणि वीज काढली की दिवाही जातो. आयबीएमने सिस्टम एक्स सर्व्हरमध्ये यावर छान तोड काढली होती. बिघडलेल्या पट्टीशेजारीच बारीकसा दिवा, आणि वीज काढल्यावरही एक बटण दाबलं, की साठवलेल्या चार्जवर तो पुन्हा लागायचा. असं काही बघितलं, की वाटतं, हे बनवणाऱ्याने कधीतरी स्वतः सर्व्हर उघडला असणार.

(दृश्य: डिस्कची रांग. एक अँबर, सेकंदाला चार वेळा लुकलुकणारा.)

खरी जोखीम इथे आहे. रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवायच्या पद्धतीत, एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. दुसरी गेली, की संपलं. आणि ही दुसरी बरेचदा आपोआप जात नाही. माणूसच ती ओढून काढतो.

फोनवर पुण्याहून सर्व्हर सांभाळणारा अ‍ॅडमिन असतो.

"पाचवी डिस्क काढ."

"सर, पाचवी म्हणजे शून्यापासून मोजून, की एकपासून?"

हा प्रश्न विचारणारा मुलगा कामाचा. डेलचे स्लॉट शून्यापासून मोजतात, एचपीईचे एकपासून. डिस्कचा सिरियल नंबर बहुधा लेबलवर, म्हणजे बाहेर काढल्यावरच दिसणार. म्हणून तोंडी आकड्यावर जायचं नाही. अ‍ॅडमिनला डिस्कची ओळख पटवणारा दिवा लावायला सांगायचं, तो डोळ्यांनी बघायचा, मग बंद करायला सांगायचं. आपल्यासमोर विझला, तर तीच डिस्क.

दिवा जागा सांगतो, कारण नाही. हिरवा, मग अँबर, मग काही क्षण अंधार, असं चक्र पॉवरएजच्या डिस्कवर दिसलं, तर ती अजून चालतेय, पण लवकरच जाईल असा अंदाज आहे. तो अंदाज कशावरून, ते आयड्रॅकच्या, म्हणजे डेलच्या दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगमध्ये (नोंदींमध्ये) वाचायचं. एचपीईवर हेच काम आयएलओ करतं. लॉग न वाचता सुटा भाग बदलला, तर कधीकधी नव्यावरही तोच अँबर लागतो, कारण दोष डिस्कमागच्या केबलचा किंवा बॅकप्लेनचा (डिस्क ज्याला जोडतात त्या बोर्डाचा) असतो.

एचपीईच्या काही डिस्कवर एक पांढरा दिवाही असतो. अर्थ एकच: मला काढू नका. रेड ५ मधली एक डिस्क गेली, की बाकीच्या सगळ्यांवर तो लागतो. नवी डिस्क बसवल्यावर तिचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो, रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभारणं, तासन्‌तास चालतं. तोवर पांढरे दिवे तसेच, आणि बिघाडाची नोंद, म्हणजे तिकीट, उघडंच ठेवून काम सकाळच्या पाळीकडे सोपवायचं.