पऱ्हाटीपासून तोफेपर्यंत
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

आपल्यातले निम्मे लोक यवतमाळ, वणी, हिंगणघाट, आर्वी या पट्ट्यातले, म्हणजे कापसाच्या शिवारातले. म्हणून आज युद्धाच्या इतिहासातली रणांगणं बाजूला ठेवून कापसाबद्दल बोलूया. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश तोफ ज्या दारूवर चालली, तिचा मोठा भाग कापूस होता. आणि ती दारू बनवण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे कापूस धुणं!

आधी आपल्या ओळखीच्या गोष्टी. एक क्विंटल कापूस जिनात घातला की साधारण 34 किलो रुई निघते आणि 64 किलोच्या आसपास सरकी. उरलेलं तुटीत जातं. सरकी हातात घेतली तर तिच्यावर आखूड, चिकटून बसलेली लव असते. पूर्वी पेरणीच्या आधी हीच लव बसावी म्हणून सरकी शेण-मातीत घोळून चोळायचे, नाही तर दाणे एकमेकांत गुंततात. या लवेला कारखान्यात ‘लिंटर’ म्हणतात. सूत कातायला ती निकामी. पण ती जवळपास निव्वळ सेल्युलोज, आणि दारूवाल्याला धाग्याच्या लांबीशी काही घेणंदेणं नसतं. ब्रिटिश कारखाने लिंटरऐवजी मुख्यतः सूतगिरण्यांचा टाकाऊ कापूस वापरत. त्यात यंत्राचं तेल असे, म्हणून तो आधी अल्कलीत उकळावा लागे, आणि मग नत्राम्ल-गंधकाम्लाच्या मिश्रणात बुडवून त्याची दारू करत. त्यातून सुतळीचा तुकडा किंवा काडी राहिली, तर ती आम्लात वेगळ्या तऱ्हेने तापे आणि तिथून सगळा घाणा धुमसून पिवळ्या-तांबड्या धुराने भरून जाई. आपल्याकडे जिनवाला कापसातल्या नायलॉनच्या दोरीवरून भाव पाडतो. त्यांच्याकडे सुतळीचा तुकडाही जिवावर बेतायचा.

1846 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी हा आम्लात मुरवलेला कापूस, म्हणजे ‘गनकॉटन’, जगासमोर आणला. कापूस दिसायला तसाच राहतो, वजन मात्र वाढतं. जळताना धूर जवळजवळ नाही, राख नाही. काळ्या दारूच्या धुरात सैनिकाला समोरचं दिसेनासं व्हायचं, त्यामुळे सगळ्या युरोपने उड्या मारल्या. वर्षभरात, 14 जुलै 1847 ला, इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा कारखाना उडाला. पुढे ऑस्ट्रियाने चिकाटी धरली. तिथले तोफखान्याचे अधिकारी फॉन लेंक यांनी सुताच्या लडी कित्येक आठवडे वाहत्या पाण्यात धुवायला लावल्या. तरीही 1862 आणि 1865 साली त्यांची कोठारं उडालीच.

का? कापसाचा धागा म्हणजे भरीव तार नव्हे. तो पोकळ नळी आहे, सुकल्यावर चपटी होऊन पिळलेली. आम्ल त्या नळीत शिरतं आणि बाहेरून कितीही पाणी घाला, आतलं आम्ल निघत नाही. तेवढंसं आम्ल आतून कापूस कुजवत राहतं. कुजण्यातून उष्णता होते, उष्णतेने कुजणं वाढतं, आणि गठ्ठा मोठा असला की उष्णतेला वाट मिळत नाही. ओल्या कडब्याची गंजी आतून का तापते, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

उत्तर सापडलं ते ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबेल यांना. 1865 च्या त्यांच्या पेटंटमधली युक्ती कागदाच्या गिरणीतली: कापूस पाण्यात कुटून त्याचा लगदा करायचा. धाग्याचे बारीक तुकडे झाले की नळीची तोंडं उघडी पडतात आणि पुन्हा पुन्हा उकळून आम्ल बाहेर काढता येतं. पाणी किंचित जड, चुनखडीचं असलं तर बरंच, कारण चुना उरलेलं आम्ल मारतो. आपल्या विहिरींच्या पाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ओलं गनकॉटन साठवायला तुलनेने सुरक्षित, म्हणून नौदलाच्या पाणतीरांत ते ओलंच भरत आणि फक्त छोटा कोरडा तुकडा ते फोडायला ठेवत.

1889 मध्ये कॉर्डाइट आलं, म्हणजे गनकॉटनमध्ये नायट्रोग्लिसरीन हे दुसरं स्फोटक मिसळून केलेली ब्रिटिशांची बिनधुराची दारू. त्याचा सुधारित प्रकार, एमडी, असा: गनकॉटन 65 टक्के, नायट्रोग्लिसरीन 30 टक्के, व्हॅसलीन 5 टक्के. अॅसिटोनने त्याची कणीक मळून शेवयांसारख्या दोऱ्या पाडायच्या. आधीच्या प्रकारात नायट्रोग्लिसरीन 58 टक्के होतं, ज्वाला फार तापायची आणि तोफेची नळी झिजायची. व्हॅसलीनची गंमत वेगळीच आहे. ते घातलं नळीला वंगण म्हणून. वंगण म्हणून ते काही कामाचं ठरलं नाही, कारण तेही जळूनच जायचं. पण दारूच्या कुजण्यातून निघणारे वायू ते शोषून घेतं आणि दारू टिकते, हे नंतर कळलं. फ्रेंचांच्या ‘पूद्र बे’ या बिनधुराच्या दारूची कुज मात्र तूलाँ बंदरात दोन युद्धनौकांवर बेतली: ‘येना’ 12 मार्च 1907 ला आणि ‘लिबर्ते’ 25 सप्टेंबर 1911 ला.

भारतात कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला तो थंड नीलगिरीत, अरुवंकाडूला. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. विदर्भातला 45 अंशांचा मे महिना आठवा, म्हणजे दारूची कोठारं मातीच्या ढिगाऱ्याखाली का असतात ते समजेल. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे आणि त्याच गावातून आर्वीकडे कापूस वाहणारी छोटी गाडी सुटायची. 31 मे 2016 च्या तिथल्या आगीची आठवण इथे कुणी काढेलच, म्हणून सांगतो: ती पेटली रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्यात, त्याचा कापसाशी संबंध नव्हता.

ऑगस्ट 1915 मध्ये ब्रिटनने कापूस थेट युद्धसामग्री ठरवून शत्रूकडे जाणाऱ्या गाठी अडवायला घेतल्या. उशीर झाला होता. जर्मनांनी लाकडाच्या लगद्यापासून सेल्युलोज काढायला सुरुवात केली होती. युद्धाआधी युरोपातले मोठे गिऱ्हाईक आपला आखूड धाग्याचा कापूस घ्यायचे, तो बाजार मात्र बसला. त्याउलट अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, याच वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्या वेळी कारण दारूचं नव्हतं. अमेरिकेची बंदरं अडवल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून.

आज तुमच्या गावची सरकी घाण्यावर जाते तेव्हा बरीचशी लव तिच्यावरच असते. तेल निघतं, ढेप होते, आणि ती लव ढेपेबरोबर गोठ्यात म्हशीच्या पुढ्यात पडते. धन्यवाद.